दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी साधा युनिव्हर्सल रिमोट

एकाच रिमोटवरून वेगवेगळ्या कंपन्यांचे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार असं सगळं चालवता येतं त्याला युनिव्हर्सल रिमोट म्हणतात. हॉलमधल्या मोठ्या सेटअपला टचस्क्रीनवाला वगैरे रिमोट ठीक आहे, पण बेडरूममधल्या किंवा पाहुण्यांच्या खोलीतल्या टीव्हीला चालू-बंद, आवाज, चॅनल, इनपुट, बाण आणि ओके एवढी बटणं असली की बास. तो रिमोट हातात घेणारं माणूस बहुतेक वेळा घरातलं म्हातारं, लहान नाहीतर पाहुणा असतं, त्यांना समजावत कोण बसणार.

ही कल्पना तशी जुनीच, अॅपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकच्या सीएल ९ कंपनीने 1987 मध्ये कोअर नावाचा रिमोट आणला होता, दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा. पुढे लॉजिटेकची हार्मनी मालिका खूप गाजली पण ती सेट करायला ऑनलाइन अकाउंट लागायचं, आणि 2021 मध्ये कंपनीने ते रिमोट बनवणंच बंद केलं. साध्या रिमोटला ही भानगड नसते.

घेण्याआधी बघायची खरी गोष्ट म्हणजे त्या खोलीतलं कुठलं उपकरण इन्फ्रारेडवर (म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या सिग्नलवर) चालतं आणि कुठलं नाही. स्वस्त युनिव्हर्सल रिमोट फक्त इन्फ्रारेड सोडतात, आणि टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीत खोचून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं यंत्र) बऱ्याचदा ब्लूटूथ किंवा वायफायवर ऐकतात, मग रिमोट कितीही बटणांचा आणा स्टिक काही हलत नाही. जुना रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर दिवा लुकलुकला तर इन्फ्रारेड आहे (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर असतो). पण यातही गोम आहे, स्टिकचे बरेच रिमोट टीव्हीच्या आवाजापुरतं आणि चालू-बंदपुरतं इन्फ्रारेड सोडतात आणि बाकीचं ब्लूटूथने करतात, त्यामुळे लुकलुकलं म्हणजे सगळं जमलं असं नाही. उलट त्या खोलीत नुसता टीव्ही आणि स्टिक असेल तर तो स्टिकचा रिमोटच पुरतो, नवीन घ्यायची गरजच नाही.

रिमोट सेट करायचे दोन प्रकार. एकात कंपनीप्रमाणे कोड टाकायचा, किंवा रिमोट स्वतःच एकेक कोड सोडत जातो आणि टीव्ही बंद झाला की आपण थांबवायचं. दुसरा लर्निंगवाला, जुना रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण शिकवायचं. वेगवेगळ्या कंपन्यांची सिग्नलची भाषा वेगळी असते, म्हणून कोडच्या यादीत नसलेल्या आडवळणी ब्रँडला लर्निंगवालाच बरा. फक्त मूळ रिमोट हरवला किंवा मेला असेल तर शिकवणार कशावरून? म्हणजे तो चालू आहे तोवरच हे काम उरकायचं.

एका बटणात सगळं चालू करणारे मॅक्रो ऐकायला भारी वाटतात, पण पॉवरचं बटण बहुतेक ठिकाणी उलटापालटीचं असतं, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. मग एखादं उपकरण आधीच चालू राहिलेलं असलं की टीव्ही चालू होतो आणि बॉक्स बंद पडतो, आणि पाहुणा गोंधळतो. दुसऱ्या खोलीत मॅक्रोच्या नादी लागूच नये. त्यापेक्षा टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात ती सोय) चालू करून बघावं, सॅमसंग त्याला अॅनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. स्टिक जागी झाली की टीव्ही आपोआप चालू होऊन त्या इनपुटवर जातो, मात्र वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडली की कधीकधी नखरे करतो.

बाकी बटणं मोठी आणि अंधारात बोटाला कळतील अशी असावीत. काही स्वस्त रिमोट सेल बदलताना सेट केलेला कोड विसरतात, त्यामुळे तो कोड कागदावर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा.