उधारीचा कागद आणि दोन साक्षीदार

कुराणातली सगळ्यात लांब आयत, म्हणजे वचन, उधारीच्या व्यवहारावर आहे, सूरह अल-बकरा या अध्यायातली २८२ वी. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इमानाने लिहावं, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगायचा (देणाऱ्याने नाही! मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कबुली ज्याच्या डोक्यावर बोजा आहे त्याच्याच तोंडून येते), दोन पुरुष साक्षीदार, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका, आणि रक्कम छोटी आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात रोखीचा सौदा असेल तर नाही लिहिलं तरी चालतं. प्रवासात लिहिणारा मिळाला नाही तर वस्तू गहाण, ते पुढच्या आयतीत.

आता एवढं स्पष्ट सांगितलेलं असूनही बहुतेक फकीहांनी, म्हणजे कायद्याच्या जाणकारांनी, लिहिणं चांगलं पण सक्तीचं नाही असंच धरलं, कुराणाचा भाष्यकार अल-तबरी याच्यासारखे थोडेच सक्ती म्हणणारे. काझीपुढे खरा पुरावा म्हणजे जिवंत माणसाची साक्ष, कारण कागद खोटा बनवता येतो, त्यामुळे कागद साक्षीदाराला आठवण करून देण्यापुरता.

तरी लोक लिहीतच राहिले, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेत ते पपायरस, म्हणजे त्या नावाच्या वनस्पतीपासून केलेल्या पानांवरचे दस्त, टिकले. हिजरी २२ ची, म्हणजे इ.स. ६४३ ची, ६५ मेंढ्यांची पावती आज व्हिएन्नात आहे, ग्रीक आणि अरबी दोन्ही भाषांत. ती कर्जाची नाही, पण इजिप्त जिंकून फार वर्षं झाली नव्हती तेव्हापासून अरब व्यवहार लिहून ठेवत होते हे त्यातून दिसतं. नंतरच्या दस्तांत तर रक्कम लिहून तिची निम्मीही लिहायचे, दहा दीनार, ज्याचे निम्मे पाच, म्हणजे आकड्यात फेरफार करायला जागाच नाही. आपण 'अक्षरी रुपये' लिहितो तीच काळजी. कर्ज फिटलं की बऱ्याचदा मजकुरावर रेघा मारायच्या.

मग मसुद्यांची पुस्तकं आली, त्याला शुरूत म्हणतात. इजिप्तमधल्या अल-तहावीने (मृत्यू ९३३), हनफी या इस्लामी कायद्याच्या एका मताच्या फकीहाने, असे नमुने लिहिले, दुसऱ्या मताचा काझी आला तरी दस्त रद्द होऊ नये असे शब्द निवडून. आणि काझीने पारखून घेतलेले कायमचे साक्षीदारही आले, त्यांना अदल म्हणत, त्यांच्या सहीने कागदाला वजन यायचं.

कर्ज, मुदत, रक्कम, जामीन, बाकी, वसूल हे आपले रोजचे शब्द मूळचे अरबीच, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले.