असंकेतक जनुकीय विविधता

जीनोमच्या ज्या भागांतून प्रथिने तयार होत नाहीत, त्या भागांतील व्यक्तिगणिक आढळणारे डीएनए-क्रमाचे फरक. मानवी जीनोममध्ये सुमारे ३१० कोटी बेसजोड्या असून प्रथिनांची संहिता जेमतेम १ ते २ टक्के भागात असते. उरलेल्या भागात प्रवर्तक (जनुकाचे वाचन सुरू करणारे क्रम), वर्धक (जनुकाची क्रियाशीलता वाढवणारे क्रम), इंट्रॉन (जनुकाच्या आतले असंकेतक तुकडे) आणि पुनरावृत्त क्रम येतात. संदर्भ-जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण क्रमाशी, ताडून पाहिल्यास प्रत्येक व्यक्तीत ४० ते ५० लाख फरक सापडतात. प्रथिनाची घडण बदलणारे त्यांत सुमारे १० ते १२ हजारच असतात.

‘टाकाऊ डीएनए’ ही संज्ञा आनुवंशिकीतज्ज्ञ सुसुमु ओनो यांच्या १९७२ मधील लेखनामुळे रूढ झाली. उलट, २०१२ मध्ये जीनोममधील कार्यशील भाग शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के जीनोमला जैवरासायनिक कार्य असल्याचे मांडले. मात्र तेथे आरएनए तयार होणे किंवा एखादे प्रथिन चिकटणे एवढ्यालाही कार्य मानले होते. नैसर्गिक निवडीने जपलेला भाग मोजला, तर आकडा ८ टक्क्यांच्या आसपास येतो. रोगाच्या विचारात हीच मोजणी अधिक उपयोगी पडते.

उत्क्रांतीतील सर्वांत चांगले तपासलेले उदाहरण दूध पचवणाऱ्या लॅक्टेज या विकराचे (एन्झाइमचे). सस्तन प्राण्यांत पिलाचे आईचे दूध सुटल्यावर त्याचे जनुक मंदावते. काही माणसांत मात्र ते आयुष्यभर चालू राहते. २००२ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून कारण हाती आले: लॅक्टेज जनुकाच्या सुमारे १४,००० बेस अलीकडे, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या १३ व्या इंट्रॉनमध्ये, −१३९१० या स्थानी सी या बेसऐवजी टी. टी असल्यास ऑक्ट-१ हे नियामक प्रथिन तेथे अधिक घट्ट चिकटते. विकराच्या रेणूत काहीच बदलत नाही. बदलते ते फक्त जनुक बंद पडण्याचे वेळापत्रक. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत हाच परिणाम −१४०१० येथील वेगळ्या बदलाने, स्वतंत्रपणे घडला.

या टी-रूपाचा उगम कोठे व केव्हा झाला, यावर मतभेद आहेत. एका संगणकीय प्रतिमानानुसार ते बाल्कन व मध्य युरोप यांच्या दरम्यान, सुमारे ७,५०० वर्षांपूर्वी पसरू लागले असावे. अन्य अभ्यासक स्टेप या युरेशियातील गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवतात. प्राचीन सांगाड्यांत मात्र कांस्ययुगापर्यंत ते विरळच दिसते, तर खापरांवरील दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष त्याहून हजारो वर्षे जुने आहेत. त्यामुळे दुधाचा वापर वाढला आणि त्याबरोबर टी-रूपही वाढले, हे जुने स्पष्टीकरण अपुरे पडते. २०२२ मधील मांडणीनुसार दुष्काळ व रोगराईत, जेव्हा दुधाने होणारा अतिसार जिवावर बेतत असे, तेव्हा निवड तीव्र झाली. उपलब्ध पुराव्याशी ही मांडणी अधिक जुळते.

अनेक लोकांच्या जीनोममधील फरक रोगाशी ताडून पाहणाऱ्या जीनोमव्यापी अभ्यासांत सामान्य रोगांशी निगडित म्हणून सापडलेली सुमारे ९० टक्के स्थाने असंकेतक आहेत. शेजारचे फरक एकगठ्ठा वारशाने येत असल्याने सापडलेली खूण म्हणजेच कारक बदल, असे ठरत नाही. जवळचे जनुक हेच लक्ष्य असेल, हेही नाही. स्थूलतेशी जोडलेले स्थान २००७ मध्ये एफटीओ जनुकात सापडले, म्हणून वर्षानुवर्षे त्याच जनुकावर लक्ष राहिले. २०१४-१५ मध्ये दिसले, की तेथील वर्धक सुमारे ५ लाख बेस दूर असलेल्या आयआरएक्स३ चे नियमन करतो. म्हणून आधी सांख्यिकीने उमेदवार फरक कमी करतात. मग क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) कोणत्या पेशीत उघडे आहे ते पाहतात. फरकाची दोन्ही रूपे रिपोर्टर जनुकाला (ज्याची क्रिया सहज मोजता येते अशा जनुकाला) जोडून त्याची क्रियाशीलता मोजतात. शेवटी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने तोच बेस बदलतात. वर्धक बहुधा पेशीनिष्ठ असतो. पेशी चुकीची निवडल्यास परिणाम दिसतच नाही.

हीच पेशीनिष्ठता उपचारात कामी येते. बीसीएल११ए जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवते, पण इतर पेशींनाही ते लागते. त्याचा केवळ तांबड्या पेशींच्या पूर्वपेशींत चालणारा वर्धक तोडणारा उपचार २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम मंजूर झाला. त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊन सदोष हिमोग्लोबिनची उणीव भरून निघते. तो दात्रपेशी (सिकल सेल) आजार व बीटा थॅलॅसेमियासाठी आहे.

निदानात एक्झोम चाचणी संहितेचा भाग व त्यालगतचे थोडेच बेस वाचते. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमता आणणाऱ्या आनुवंशिक विकारात एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीच्या असंकेतक भागातील सीजीजी हा त्रिक २०० हून अधिक वेळा येतो व जनुक बंद पडते. त्यामुळे एक्झोम अहवाल निर्दोष आला, तरी हा विकार नाकारता येत नाही. त्रिकांची संख्या मोजणारी वेगळी चाचणी मागवावी लागते.