वेब फिल्टर नोंदी ठेवतो आहे ना? एकदा स्वतः तपासून घ्या

"परवा कोणती साइट अडवली गेली ते बघायचंय, पण लॉगमध्ये काहीच सापडत नाही." हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. जी नोंद झालीच नाही, ती आम्हालाही परत आणता येत नाही. म्हणून स्क्विड (साइट्स अडवणारा आणि त्यांची नोंद ठेवणारा प्रॉक्सी सर्व्हर) वापरणाऱ्या आमच्या प्रत्येक ग्राहकाला विनंती आहे, की गरज पडण्याआधीच लॉगच्या सेटिंग्ज तपासून ठेवा. (कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या:

सुडो ग्रेप -आर "^ॲक्सेस_लॉग" /ईटीसी/स्क्विड/

एकही ओळ आली नाही तर घाबरू नका. ओळ नसली की स्क्विड आपल्या ठरलेल्या ॲक्सेस.लॉग फाइलमध्येच नोंदी करतो. लॉग बंद असल्याची खूण वेगळी आहे: ओळीत 'नन' हा शब्द. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. ओळीच्या शेवटी एखाद्या एसीएलचं (म्हणजे कोणत्या विनंत्या निवडायच्या ते सांगणाऱ्या नियमाचं) नाव असेल, तर त्या नियमात बसणाऱ्या विनंत्यांचीच नोंद होते, बाकीच्या गाळल्या जातात. लॉग चालू दिसतो, फाइल वाढतही असते, पण नेमकी हवी ती ओळ नसते. आमच्या मते सगळ्यात फसवी चूक हीच.

फाइलमध्ये बदल केलात तर आधी 'स्क्विड -के पार्स' चालवा, म्हणजे लिहिण्यातल्या चुका कळतील. मग 'स्क्विड -के रिकॉन्फिगर'. हे दुसरं विसरलं, तर स्क्विड जुन्याच सेटिंग्जवर चालत राहतो.

आता खरी परीक्षा. 'सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/स्क्विड/ॲक्सेस.लॉग' चालू ठेवा आणि दुसऱ्या संगणकावरून अडवलेली साइट उघडून पाहा. अशी ओळ यायला हवी:

१७००००००००.१२३ ० १९२.१६८.१.२५ टीसीपी_डिनाइड/४०३ ३९०२ कनेक्ट एक्झाम्पल.कॉम:४४३ - हायर_नन/- टेक्स्ट/एचटीएमएल

पहिला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. 'डेट -यू -डी @१७००००००००' दिलंत की त्याची तारीख मिळते: १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) रात्रीचे १० वाजून १३ मिनिटं २० सेकंद. पुढचा शून्य म्हणजे लागलेले मिलिसेकंद, त्यानंतर संगणकाचा आयपी. 'डिनाइड/४०३' म्हणजे फिल्टरने अडवलं. साइटच्या पत्त्यानंतरची रेघ वापरकर्त्याच्या नावाची जागा आहे; लॉगिन लावलेलं नसेल तर ती रिकामीच राहते.

'कनेक्ट' दिसलं की समजा, साइट एचटीटीपीएसची आहे. एसएसएल बंप (एचटीटीपीएसचा बंद मजकूर मध्येच उघडून पाहण्याची स्क्विडची सोय) लावलेलं नसेल तर तिथे फक्त साइटचं नाव आणि पोर्ट नोंदलं जातं, आतलं पान नाही. साध्या एचटीटीपी पत्त्यातलाही प्रश्नचिन्हापुढचा भाग स्क्विड आपणहून कापतो. 'स्ट्रिप_क्वेरी_टर्म्स' ऑफ केलं की तो दिसू लागतो, पण आमचा आग्रह आहे की ते ऑनच ठेवा. माणसं काय शोधतात ते त्या भागात असतं, आणि फिल्टर नीट चालतो का हे पाहायला त्याची गरज लागत नाही.

जुने लॉग किती राहतात ते स्क्विडची 'लॉगफाइल_रोटेट' ही सेटिंग आणि लॉगरोटेटची (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामची) फाइल, दोन्हीकडे पाहा.

अडचण आली तर वरच्या ग्रेपचं उत्तर आणि लॉगच्या चार-पाच ओळी आम्हाला पाठवा. पाठवण्याआधी त्यातली वापरकर्त्यांची नावं मात्र खोडून टाका.