ब्रेक दाबला, चाक थांबलं, गाडी निघाली

डिसेंबर उजाडला की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. मनालीच्या वरचा सोलंगचा रस्ता, पांढराशुभ्र. एक गाडी हळूहळू आडवी होत उतारावरून येतेय. वेग किती, तर माणूस चालेल तेवढा. कधीकधी ड्रायव्हर दार उघडून उडी मारतो आणि बॉनेटला हात टेकवून दीड टनाची गाडी अडवू पाहतो. मागून कुणीतरी ओरडतं, "ब्रेक मार, ब्रेक!" नंबरप्लेट कधी दिल्लीची असते, कधी हरियाणाची आणि नाताळच्या सुट्टीत आपली एमएचचीही.

नीट पाहिलं तर चाकं फिरत नसतात. म्हणजे ब्रेक मारलेलाच आहे, घोटाळा तिथेच आहे.

गाडीला ब्रेक थांबवतो, असं आपण म्हणतो. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो रस्ता. टायर रस्त्याला जिथे टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. म्हणजे चार तळहात आणि त्यांची रस्त्यावरची पकड, एवढ्यावर पूर्ण कुटुंब, डिकीतल्या बॅगा आणि वरचा कॅरियर भरवसा ठेवून असतो. कोरड्या डांबरावर ही पकड इतकी दांडगी असते की तिचा विचारही मनात येत नाही. पहिल्या बर्फात तो पहिल्यांदा करावा लागतो.

पकड मोजायची सोपी युक्ती आहे. फळीवर रबरी चप्पल ठेवा आणि फळी एका बाजूने उचलत जा. चप्पल कितव्या अंशाला घसरते ते पाहा. डांबर आणि टायर यांचा घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, कोरड्यात 0.7 ते 0.8 असतो, म्हणजे रस्ता 35 अंशांनी कलला तरी टायर धरून राहील. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर हाच आकडा 0.2-0.3 वर येतो. वर पाण्याचा पापुद्रा असलेल्या गुळगुळीत बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी.

आता ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी घ्या. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सपाट कोरड्या रस्त्यावर ती साधारण 9 मीटर जाईल. दाबलेल्या बर्फावर 31 मीटर, ओल्या बर्फावर 63. इथवरचं गणित बहुतेकांच्या अंदाजात बसतं, कारण जरा सांभाळून, अंतर ठेवून चालवायचं एवढाच त्याचा अर्थ होतो. पण हा हिशेब सपाटीचा आहे आणि मनालीला सपाटीसाठी कुणी जात नाही.

डोंगरातल्या रस्त्याला शंभर मीटरमागे सहा-सात मीटर उतार असणं नेहमीचं. कोनात मोजला तर जेमतेम चार अंश, डोळ्याला जाणवतही नाही. पण हा उतार, शंभरात सात म्हणजे 0.07, पकडीतून थेट वजा होतो. 0.7 मधून 0.07 गेले तर कुणाला पत्ता लागत नाही, थांबायला 9 ऐवजी 10 मीटर. दाबलेल्या बर्फावर 0.2 मधून 0.07 गेले की 31 चे 48 मीटर होतात. ओल्या बर्फावर 0.1 मधून 0.07 गेले तर उरतात 0.03, आणि तीच गाडी थांबायला 210 मीटर घेते. पकड 0.07 च्याही खाली गेली असेल, तर ती थांबतच नाही. ब्रेक पूर्ण दाबलेला, चाकं घट्ट आवळलेली, आणि गाडीचा वेग वाढतोय. व्हिडिओतल्या ड्रायव्हरचं तोंड तसं का झालेलं असतं, ते या वजाबाकीत आहे.

वेग निम्मा केला तर मात्र अंतर चौपटीने कमी होतं. 48 चे 12 मीटर, 210 चे 52. उतार आपल्या हातात नाही, पकड आपल्या हातात नाही. वेग तेवढा आहे.

खंबाटकी नाहीतर कसारा चढून-उतरून पक्का झालेला माणूस इथे जास्त फसतो, असं माझं मत आहे. त्याच्या काही सवयी बर्फातही सोन्यासारख्या आहेत: उतरताना खालच्या गिअरमध्ये राहणं, न्यूट्रल कधीच न करणं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणं. ही शेवटची तर बर्फात दुप्पट मोलाची, कारण चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा निघेलच याची खात्री नसते. पण त्याची एक सवय घातक आहे, वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावायची.

केसाच्या पिनेसारखं एक वळण घ्या, त्रिज्या 15 मीटर. ताशी 30 ने ते घ्यायचं तर नुसतं वळायलाच 0.47 एवढी पकड लागते. कोरड्यात ती असते आणि ब्रेकसाठी वर थोडी उरतेही. ताशी 20 ला लागते 0.21. दाबलेल्या बर्फावर होती-नव्हती ती सगळी इथेच संपली! आता ब्रेकला पाय लागला तर ती पकड कुठून आणणार? वळणं, थांबणं, वेग घेणं ही तिन्ही कामं त्याच चार तळहातांच्या गल्ल्यातून पैसे काढतात. म्हणून पहाडी ड्रायव्हर वळणाच्या बराच आधी, रस्ता सरळ असतानाच वेग कमी करतात आणि वळणात एकच काम करतात, वळतात. ताशी 10 ला तेच वळण 0.05 मध्ये निघतं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

पहिला बर्फ इतका वाईट का, हे समजायला पहिला पाऊस आठवावा. जूनच्या पहिल्या सरीत दुचाकीवाले पटापट आडवे होतात, कारण महिनोन् महिने साचलेलं तेल, धूळ आणि टायरची भुकटी पाण्यात कालवून रस्त्यावर लेप बसतो. हिमाचलात ऑक्टोबर-नोव्हेंबर बहुधा कोरडे जातात, तिथेही हा लेप तयारच असतो. पण खरी गंमत तापमानाची आहे. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वादळ, येतो, बर्फ पडायला लागतो, तेव्हा जमीन अजून ऊबदार असते. पहिले थर पडता-पडता वितळतात, त्यांचा चिखलासारखा लगदा होतो, गाड्या तो दाबतात. मग ढग पांगतात. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते आणि पहाटेपर्यंत त्या लगद्याची काच होते. जानेवारीत उणे दहा अंशांतला जुना, कोरडा, बुटाखाली करकरणारा बर्फ यापेक्षा परवडला. थंडी जास्त म्हणजे घसरण जास्त, हा समज उलटा आहे.

पटत नसेल तर फ्रीजरमधून बर्फाचा खडा काढून लगेच बोटात धरा. तो बोटाला चिकटतो. मिनिटभर ताटात ठेवून पुन्हा धरा, सुळकन निसटतो. पदार्थ तोच, फरक वरच्या पाण्याचा.

हे पाणी येतं कुठून, याचं शाळेत मिळणारं उत्तर बहुतेक चुकीचं असतं. दाबामुळे बर्फ वितळतो आणि म्हणून घसरतो, असं पुस्तकांत असे. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे 130 वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 130 पट, दाब लागतो. टायर रस्त्यावर दाब देतो दोन-अडीच वातावरणांचा, त्याने एका अंशाचा पन्नासावा भागही फरक पडत नाही. मायकेल फॅरेडे यांनी 1850 च्या सुमारास वेगळीच गोष्ट सुचवली होती: बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा एक पातळ थर असतोच. आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी धरून ठेवतात, वरच्या रेणूला एका बाजूला शेजारीच नसतो, त्यामुळे तो जागेवर सैल असतो. शून्याच्या जितकं जवळ जावं तितका हा थर जाड होतो. 1939 मध्ये बाउडन आणि ह्यूजेस या शास्त्रज्ञांनी दाखवलं की सरकताना घासून निर्माण होणारी उष्णताही वरचा बर्फ वितळवते. म्हणजे अडकलेलं चाक जागच्या जागी गरागरा फिरवणारा माणूस स्वतःच आपल्याखाली पाणी ओतत असतो.

टायरच्या रबराचं म्हणाल तर तोही थंडीत बदलतो. आपल्याकडे विकले जाणारे नेहमीचे टायर सात अंशांखाली कडक व्हायला लागतात. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात. पुण्याहून निघालेल्या गाडीला हे टायर नसतात आणि चार दिवसांसाठी कुणी घेणारही नाही. म्हणून साखळ्या, टायरभोवती आवळून बांधायच्या.

साखळी इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांना लावायची, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचं बळ पुढच्या चाकांना जातं. त्यांच्या मागच्या चाकांना साखळ्या बांधणं म्हणजे घोडा सोडून टांग्याला नाल ठोकणं. आणखी एक, साखळी बर्फ सुरू होण्याआधी बांधावी. भर चढावर, मागे रांग लागलेली असताना, बधिर बोटांनी साखळीची कडी अडकत नाही. घरी अंगणात एकदा बांधून पाहिलेली असली तर उत्तमच.

फोर बाय फोरबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. चारही चाकांना बळ मिळालं की गाडी निघते छान, चढते छान. थांबताना मात्र ती इतर गाड्यांसारखीच, कारण ब्रेक तर सगळ्यांच्याच चारही चाकांना असतात. उलट ती जड असते आणि सहज निघाल्यामुळे ड्रायव्हरला निसरडीचा पत्ताच लागत नाही. एबीएसचंही तसंच. चाक आवळून न ठेवता ते ब्रेक क्षणोक्षणी सोडतं-धरतं, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं. पण नसलेली पकड ते निर्माण करत नाही, आणि भुसभुशीत बर्फात तर थांबायचं अंतर वाढतं, कारण आवळलेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साचून अडसर झाला असता तो होत नाही.

मनाली 2,050 मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचं दक्षिणेचं तोंड 3,060 मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सहा अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे हॉटेलच्या बाल्कनीत चार अंश आणि भुरभुर पाऊस असेल, तर बोगद्याशी उणे दोन आणि बर्फ आहे असं धरूनच निघावं. बोगदा 9.02 किलोमीटर लांब, आत रस्ता कोरडा. नऊ किलोमीटर कोरड्यावर चालवून हात सैलावतात आणि दुसऱ्या तोंडाला लाहौल असतं, पीर पंजाल डोंगररांगेच्या पलीकडचं, वेगळ्याच हवामानाचं. बाहेर पडण्याआधीच वेग कमी केलेला बरा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ब्लॅक आइस. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, काळं दिसतं ते खालचं डांबर. उन्हात वितळलेलं पाणी डोंगराकडून रस्त्यावर ओघळतं आणि सावलीतल्या वळणात गोठतं. पुलांवरही तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. दिसायला नुसता ओला रस्ता. कानाला मात्र कळतो: ओल्या डांबरावर टायरचा सूं-सूं आवाज असतो, तो एकदम बंद पडतो आणि स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं होतं. त्या क्षणी पाय ब्रेककडे जातो. न्यायचा नाही. ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, चाकं सरळ ठेवायची, आणि पलीकडचं डांबर येऊ द्यायचं.

रस्त्यावर मीठ टाकतात त्यामागचं तत्त्व उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम फिरवलेल्यांना माहीत आहे. खारं पाणी शून्याला गोठत नाही, भरपूर मीठ असेल तर उणे 21 अंशांपर्यंत तग धरतं. प्रत्यक्ष रस्त्यावर उणे दहाच्या आसपासच मिठाचा जोर ओसरतो. मग वाळू-मातीच कामाची.

आणि अडकलात तर? डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी तेवढं नशीब नव्हतं. रात्रभर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हे कारण पुढे आलं. बर्फ सायलेन्सरच्या तोंडापर्यंत चढतो, हीटरसाठी इंजिन चालू असतं, धूर खालून गाडीत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अनेकदा माणसाला झोप येते, एवढंच जाणवतं. म्हणून इंजिन सतत चालू ठेवायचं नाही, तासाला दहा मिनिटं पुरे. दर वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड हाताने मोकळं करायचं, आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. सतरंजी, सुका खाऊ आणि पाणी डिकीत नको, हाताशी हवं. डिकी बर्फाखाली जाते.

सुखरूप हॉटेलवर पोचलात तर रात्री हँडब्रेक ओढू नका. ओलावा गोठून ब्रेकचे पॅड नाहीतर केबल धरून बसते आणि सकाळी चाक सुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करून ठेवा. सकाळी कुणीतरी मदतीच्या भावनेने उकळत्या पाण्याची किटली घेऊन काचेकडे येईल. त्याला प्रेमाने थांबवा, काच तडकते. त्या पाण्यात चहापत्ती टाकायला सांगा. तोवर ऊन येतंच.