मेल बोट आणि बॅलार्ड पिअर

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला हल्ली क्रूझ जहाज लागलं की फोटो झळकतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे बोटीचं एवढं अप्रूप नव्हतं. विलायतेची मेल बोट, म्हणजे टपाल आणणारी आगबोट, दर आठवड्याला यायचीच, आणि पेढ्या-कचेऱ्यांचा आठवडा तिच्यावरच बेतलेला असे.

मूळ १८६९ च्या सुएझ कालव्यात. कालव्याने मुंबईला हिंदुस्थानचा पुढचा दरवाजा केलं. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खुली झाली. तिच्या खोदाईतल्या मातीने समुद्रात भराव घातला आणि त्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याने बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. धक्क्यालाच खेटून रेल्वे स्टेशन, बॅलार्ड पिअर मोल. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली ‘फ्रंटियर मेल’ ही आगगाडी बोटींच्या मोसमात थेट या धक्क्यावरून पेशावरकडे सुटे. साहेब शिडी उतरला, कस्टम झालं, की डब्यात. मुंबईची धूळ बुटाला लागायची नाही. मला तर या बंदराची खरी करामत हीच वाटते: शहरात उतरून शहर टाळायची सोय.

धूर्त प्रवासी लंडनहून बोटीत बसतच नसत. बिस्केच्या उपसागरात बोट हमखास लागे, मळमळे, म्हणून आगगाडीने मार्सेय गाठून तिथे बोट धरत. शिवाय आठवडाभराचा प्रवास वाचे.

पी अँड ओ कंपनीची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९२९ मध्ये आली. तिला पुढे ढकलणारे पाण्यातले पंखे विजेच्या मोटरवर फिरत आणि आत चक्क पोहायचा तलाव होता. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० ला मुंबईहून निघाले ते याच बोटीने. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला गांधीजी ‘राजपुताना’वर चढले, दुसऱ्या वर्गाने.

प्रवासी कुणीही असो, राबणारे हात इथलेच. डेकवर रत्नागिरी, सुरत, काठेवाडकडचे खलाशी, त्यांच्यावर तांडेल आणि सारंग हे मुकादम. इंजिनखान्यात पंजाबी-पठाण आगवाले. भटारखान्यात आणि जेवणघरात गोवेकर. या गोवेकरांचे कूड, म्हणजे गाववाल्यांची सामायिक बिऱ्हाडं, धोबी तलाव, माझगावकडे होते. गावागणिक वेगळा कूड: भिंतीलगत रचलेल्या पेट्या, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पहिल्या वर्गात अदबीने सूप वाढणारा माणूस बोट मिळेपर्यंत इथेच पथारी टाकून असायचा, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर.

मालकी मात्र इंग्रजांची. ५ एप्रिल १९१९ ला वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली खरी. पण इंग्रज कंपन्यांशी झालेल्या १९२३ च्या करारानंतर सिंधियाला हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यावरच समाधान मानावं लागलं.

१९२९ मध्ये लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली आणि मेल बोटीतली ‘मेल’ हळूहळू हवेत गेली. उरलेलं युद्धाने केलं. कुणा बोटीवर तोफा चढल्या, कुणात सैनिक भरले. ‘रावळपिंडी’ नोव्हेंबर १९३९ मध्ये बुडाली, ‘राजपुताना’ एप्रिल १९४१ मध्ये, ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ नोव्हेंबर १९४२ मध्ये.