मिक्सर स्टेजवर, बोटं टॅबलेटवर

टॅबलेटवरून चालणाऱ्या डिजिटल मिक्सरबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो: कार्यक्रम ऐन रंगात असताना वायफाय गेलं, तर आवाज बंद पडेल का? नाही पडणार. गायकाचा आवाज टॅबलेटपर्यंत येतच नाही. माइकची केबल स्टेजवरच्या मिक्सरच्या डब्यात शिरते. तिथेच प्रीॲम्प सिग्नल मोठा करतो, तिथेच त्याचे आकडे होतात, तिथल्याच प्रोसेसरवर ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणं), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणं) आणि रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणारी साथ) चालतात आणि तिथूनच आवाज स्पीकरकडे जातो. टॅबलेट फक्त निरोप पाठवतो.

हा निरोप किती छोटा असतो ते पाहण्यासारखं आहे. बेहरिंगरच्या एक्स एअर मालिकेतले मिक्सर ‘ओपन साउंड कंट्रोल’ या पद्धतीने बोलतात. पहिल्या चॅनलचा, म्हणजे एका माइकच्या वाटेचा, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) ०.७५ वर न्यायचा, एवढंच त्या निरोपात लिहिलेलं असतं, ०.७५ म्हणजे फेडरवरची शून्य डेसिबलची खूण. सगळा मजकूर २८ बाइटमध्ये मावतो. याउलट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये एका माइकचा आवाज सेकंदाला १,४४,००० बाइट होतो, आणि १६ माइकचे मिळून २३ लाखांच्या वर जातात. हा भार वायफायवर टाकलेलाच नसतो, म्हणून जोडणी तुटली तरी मिक्सर शेवटच्या सेटिंगवर वाजत राहतो. हातातून जातं ते नियंत्रण. पण नेमक्या त्याच वेळी एखाद्या माइकने शिट्टी धरली, तर अर्धं मिनिटसुद्धा फार मोठं असतं. म्हणून माझ्या मते निवडीची सुरुवात आवाजाच्या दर्जापासून नाही, या बिनतारी दुव्यापासून करावी.

बहुतेक डब्यांमध्ये वायफाय आतच दिलेलं असतं. रिकाम्या सभागृहात, साउंड चेकच्या वेळी ते झकास चालतं. मग प्रेक्षक येतात. प्रत्येकाच्या खिशात एक फोन, आणि प्रत्येकाचं शरीर बहुतांशी पाण्याचं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे भरलेली खुर्ची ही त्या लहरींसाठी एक छोटी भिंतच असते. त्यात या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वायफायचे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आहे, आणि अनेक स्वस्त डिजिटल वायरलेस माइक व गिटारचे वायरलेस संचही तिथेच आहेत. म्हणजे आपलाच वायरलेस माइक आपल्याच टॅबलेटच्या वाटेत उभा राहू शकतो. ५ गिगाहर्ट्झचा पल्ला कमी आहे, पण तिथे चॅनल पुष्कळ असल्यामुळे गर्दी विरळ असते.

बेहरिंगर एक्सआर१८ चं आतलं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. साउंडक्राफ्ट यूआय२४आर मध्ये दोन्ही पट्टे आहेत. तरीही कुठलाही डबा घ्या, त्याला इथरनेटची खाच आहे ना ते पाहा आणि बाहेरचा ड्युअल-बँड राउटर धरूनच बजेट करा. राउटर डब्यामागे जमिनीवर न ठेवता स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर बांधावा. टॅबलेट आणि राउटर यांच्यामध्ये माणसं आली नाहीत, तर दुवा सहसा टिकतो. शिवाय राउटरपासून एक केबल लॅपटॉपपर्यंत ओढून ठेवली, की हवेत काहीही झालं तरी एक हात मिक्सरवर राहतो.

आता डब्याकडे वळू. चॅनल मोजायचं सगळ्यांना सुचतं, ऑक्स मोजायचं राहून जातं. ऑक्स म्हणजे मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर काढायची वाट. ड्रमरला बेस गिटार ठळक हवं असतं, गायिकेला स्वतःचा आवाज आणि थोडा कीबोर्ड. दोघांना एकच मॉनिटर मिक्स (वादकाला स्वतःला ऐकण्यासाठीचं मिश्रण) दिला, की दर गाण्यानंतर दोघंही हात वर करतात. एक्सआर१८ मध्ये माइक प्रीॲम्प १६ आहेत, पण ऑक्स ६. पाच जणांच्या बँडला जमिनीवरचे मॉनिटर द्यायचे असतील तर सहा पुरतात. त्याच पाच जणांनी इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानात घालायचे इअरफोन, घातले आणि डावं-उजवं वेगळं मागितलं, तर प्रत्येकी दोन, म्हणजे दहा लागतात. मग चॅनल रिकामे पडलेले असतानाही मिक्सर अपुरा पडतो. सबवूफरला वेगळी वाट, थेट प्रसारणाला वेगळं मिश्रण, असं एकेक मागणं येतं तसतसे ऑक्स संपत जातात. रिव्हर्ब आणि डिलेसाठी यातलेच ऑक्स खर्ची पडतात, की वेगळ्या वाटा आहेत, हेही तपासा. एक्सआर१८ मध्ये त्या चार वेगळ्या दिल्या आहेत. विकत घेण्याआधी कागदावर आधी बाहेर जाणाऱ्या वाटा लिहाव्यात, माइक नंतर.

पुष्कळ मिक्सरमध्ये वादक स्वतःच्या फोनवरून स्वतःचा मॉनिटर जुळवू शकतो. ऑपरेटरचं निम्मं काम हलकं होतं. मात्र प्रत्येक फोनला फक्त त्याचाच ऑक्स दिसेल, अशी परवानगी ठरवता आली पाहिजे. नाहीतर गिटारवादकाचं बोट चुकून मुख्य फेडरवर पडतं आणि अख्खं सभागृह दचकतं.

इन-इअरचा विषय निघाला आहे तर विलंबाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे समजुतीचा घोटाळा फार आहे. आवाजाचे आकडे करणं, त्यांच्यावर प्रक्रिया करणं आणि पुन्हा आवाज करणं याला वेळ लागतो. मिक्सरपुरता तो साधारण एक ते दोन मिलिसेकंद धरा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. दोन मीटरवर ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज कानापर्यंत यायलाच जवळपास सहा मिलिसेकंद लागतात. त्यात मिक्सरचा एखादा मिळवला तर कुणाला कळणारही नाही. वादकांसाठी तर हा मुद्दाच नाही.

इन-इअर लावून गाणाऱ्याचं तसं नाही. त्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात पोचतो, आणि तोच आवाज माइक, मिक्सर आणि इअरफोन असा फिरून थोड्या उशिराने येतो. हे दोन्ही आवाज कानातच एकमेकांत मिसळतात. उशीर दोन मिलिसेकंदांचा असेल, तर २५० हर्ट्झला एकाची भरती आणि दुसऱ्याची ओहोटी एकत्र येते आणि तो सूर दबतो; पुढे ७५०, १२५०, १७५० अशा ठरावीक अंतरावर खाचा पडत जातात. गायक म्हणतो, आवाज पोकळ येतोय. ऑपरेटर ईक्यू फिरवत बसतो, पण ईक्यूने ही खाच भरत नाही, कारण तिचं मूळ वेळेत आहे. चॅनलची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लाटेची भरती-ओहोटी अदलाबदल करून, पाहावी. खाचांच्या जागा सरकतात आणि बऱ्याच गायकांना दोनपैकी एक बाजू स्पष्ट बरी वाटते. शिवाय डिजिटल वायरलेस माइक आणि डिजिटल इन-इअर संच आपापला उशीर वर चढवतात, म्हणून बेरीज पूर्ण साखळीची करायची असते. ॲलन अँड हीथच्या २०२३ मध्ये आलेल्या सीक्यू मालिकेसारखे मिक्सर ९६ किलोहर्ट्झवर चालतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्यासाठी ४८ पुरेसे असतात. पण नमुने दुप्पट वेगाने घेतले की फिल्टरमधला उशीर कमी होतो. थेट कार्यक्रमात ९६ ची खरी किंमत तिथे आहे.

बिटांची काळजी सोडून द्या. २४ बिटांचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबलचा असतो आणि सभागृहातला खुर्च्यांचा, पंख्यांचा आवाजच त्यातला मोठा भाग खाऊन टाकतो. जपायचं ते एकच: आकडे करण्याच्या टप्प्यावर सिग्नल छताला लागला, तर कापली गेलेली लाट पुढे कुठल्याही प्रक्रियेने परत येत नाही. म्हणून प्रीॲम्पचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) टॅबलेटवरून बदलता येतो का, आणि सीनबरोबर, म्हणजे जपून ठेवलेल्या सगळ्या सेटिंगबरोबर, साठवला जातो का, हे मात्र पाहावं.

एवढी खटपट करून टॅबलेट घ्यायचा तो कशासाठी? ऐकण्याची जागा बदलता येते म्हणून. स्थिर मिक्सरमागे बसलेला माणूस एकाच खुर्चीवरचा आवाज जुळवत असतो. बंद खोलीत कमी कंपनसंख्येचा आवाज भिंतींवर आपटून स्वतःतच मिसळतो, त्यामुळे कोपऱ्यात बेस फुगलेला आणि मधल्या एखाद्या रांगेत जवळपास गायब, असं सहज होतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. टॅबलेट घेऊन शेवटच्या रांगेत उभं राहिलं की बोलणं समजतंय का हे तिथेच कळतं आणि तिथेच सुधारता येतं. त्याहून मोठा फायदा स्टेजवर आहे. गायकाच्या जागी, त्याच्या मॉनिटरसमोर उभं राहून त्याला जे ऐकू येतं तेच ऐकत जुळवणी करता येते. ‘थोडं कमी, थोडं जास्त’ असे हातवारे लांबून ओळखत बसावं लागत नाही.

काचेला उंचवटे नाहीत, ही टॅबलेटची उणी बाजू. फीडबॅकचंच पाहा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि ज्या कंपनसंख्येला ही फेरी आवाज घटवण्याऐवजी वाढवते, तिथे शिट्टी सुरू होते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने याला लार्सन परिणाम म्हणतात. खऱ्या फेडरवर बोट आधीच टेकलेलं असतं, नजर स्टेजवर असते, आणि हात खाली येतो. टॅबलेटवर आधी नजर खाली न्यायची, योग्य पान उघडायचं, चॅनल शोधायचा आणि मग फेडर पकडायचा. तोवर शिट्टी सगळ्यांनी ऐकलेली असते. म्हणून स्क्रीनवर किती रंगीत आलेख आहेत यापेक्षा सगळे माइक एका स्पर्शात गप्प करणारा म्यूट ग्रुप कायम समोर राहतो का, याला मी जास्त महत्त्व देईन. नाटकासारख्या, क्षणाक्षणाला माइक उघडबंद करायच्या कामाला क्यूएससी टचमिक्ससारखा डब्यावरच स्क्रीन आणि बटणं असलेला मिक्सर किंवा फेडरवाला कन्सोल बरा, आणि टॅबलेट जोडीला.

टॅबलेट मिक्सरपेक्षा लवकर म्हातारा होतो, हे २०१२ मध्येच दिसलं. मॅकीने त्या वर्षी आयपॅड आत बसवायचा डीएल१६०८ आणला, आणि वर्ष संपायच्या आत ॲपलने जुनी ३० पिनांची खाच बदलून लायटनिंग आणली. मॅकीला नव्या खाचेसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली. आज खाचेचा प्रश्न नाही, ॲपचा आहे. साउंडक्राफ्टची यूआय मालिका ब्राउझरमधून चालते, ॲप बसवावंच लागत नाही, त्यामुळे टॅबलेट कुठल्या कंपनीचा हे गौण ठरतं. इतरांच्या बाबतीत ॲप शेवटचं केव्हा अद्ययावत झालं, ते ॲप स्टोअरवर पाहावं. संगणकावरची काही ॲप जोडणी होताना सेटिंग मिक्सरकडून घ्यायची की मिक्सरला द्यायची, असं विचारतात. घाईत उलट उत्तर दिलं, तर कालची सेटिंग आजच्या कार्यक्रमावर चढतात.

वीज क्षणभर गेली तरी डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, म्हणून मिक्सर आणि राउटर दोघांनाही एकाच यूपीएसवर ठेवावं. दुकानात डबा हाताळायला मिळाला तर गाणं चालू ठेवून राउटर बंद करा, पुन्हा चालू करा आणि टॅबलेट आपणहून जोडला जातो का, पडद्यावरचे फेडर खरी स्थिती दाखवतात का, ते बघा. मिळाला नाही तरी बहुतेक कंपन्यांची ॲप मिक्सरशिवाय डेमोमध्ये उघडतात. ॲप उतरवून एकच काम करून पाहा: तिसऱ्या मॉनिटरच्या ईक्यूमध्ये २.५ किलोहर्ट्झ सहा डेसिबलने खाली आणायचे. मुख्य पानापासून तिथवर पोचायला किती स्पर्श लागतात ते मोजा, आणि तेच काम उभ्याने, टॅबलेट एका हातात धरून पुन्हा करा.