विडी, फुप्फुसे आणि विषाणू : जुन्या माहितीचा उशिरा झालेला बोलबाला

सोलापूरच्या पूर्व भागात आजही घराघरांत विडी वळली जाते. मांडीवर सूप घ्यायचे, तेंदूपान कात्रीने बेतायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरून पान वळायचे, दोरा गुंडाळून तोंड मुडपायचे. कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तसतसा अनेक तेलुगू भाषक कुटुंबांत बायकांच्या या मजुरीवरच चुलीचा भार आला. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पुढे शहराजवळच्या कुंभारीला १० हजार घरकुले उभी राहिली. विडीविरुद्ध बोलणे या शहरात म्हणूनच अवघड जाते. तरीही बोलायला हवे.

तंबाखू म्हटले की आपल्याला कर्करोग आठवतो. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून भीती त्याचीच राहिली. साथीच्या तापाशी तंबाखूचा संबंध आहे, हे फारसे कुणी सांगितले नाही. पुरावा मात्र जुनाच आहे. १९६८च्या हाँगकाँग फ्लूनंतर अमेरिकेतल्या एका लष्करी महाविद्यालयातल्या तरुणांची पाहणी झाली. जास्त सिगारेट ओढणारे इतरांपेक्षा अधिक आजारी पडले होते. १९८२ साली इस्रायली सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुकडीतल्या ३३६ जणांपैकी धूम्रपान करणाऱ्या ६८.५ टक्के जणांना फ्लू झाला, न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४७.२ टक्के होते. हे सारे तरुण, धडधाकट लोक होते, हे विशेष.

कारण श्वासनलिकेत आहे. तिच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. अडकलेली धूळ आणि जंतू ते कफाबरोबर वर ढकलत राहतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते, कफ साचतो, विषाणूला ठाण मांडायला जागा मिळते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याची फुप्फुसे आधीच खंगलेली असतात. अशा वेळी साधा फ्लूही न्यूमोनियावर जातो आणि घरी उतरणारा ताप दवाखान्यात दाखल व्हायला लावतो.

वर उल्लेखलेले अभ्यास सिगारेटचे आहेत. पण विडी ‘पानाची’ म्हणून सौम्य, ही समजूत खोटी आहे. तेंदूपान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत होते. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न आधी विडीचाच आहे.

२०२०मध्ये करोना आला आणि सुरुवातीला गोंधळच उडाला. काही रुग्णालयांच्या नोंदींत धूम्रपान करणारे कमी दिसले, तेवढ्यावरून निकोटीन वाचवते अशी आवई उठली. ही आवई घातक होती. धापा टाकणाऱ्या रुग्णाला दाखल करण्याच्या धावपळीत तंबाखूचा रकाना कोण नीट भरणार? मे २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की धूम्रपान करणाऱ्यांना करोना गंभीर होण्याचा धोका अधिक आहे. २०२१ साली ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. त्यात कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी जास्त आढळली.

त्याच टाळेबंदीत सोलापुरात विडीचे काम थांबले आणि वळणाऱ्या बायकांची मजुरी बुडाली. विडी ओढणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी २०१६पासून सुरू आहे. विडी वळणारीला तेवढाच रोज देणारे, घरबसल्या करता येणारे दुसरे काम कोणते, याचे उत्तर सरकारने अजून दिलेले नाही.